ऑटोमेशन टेस्टच्या कॉन्फिग फाइल्स आवरल्या, त्याच्या नोंदी

६ जानेवारी २०२५

आमचं प्रॉडक्ट म्हणजे घरी येऊन रक्ताचे नमुने घेणाऱ्या लॅबसाठी बुकिंगचं सॉफ्टवेअर. पुण्यात टीम, लॅबची सेंटर्स महाराष्ट्रभर आणि गोव्यात. टेस्ट पायथनमध्ये, पायटेस्ट ८ या टेस्ट चालवणाऱ्या टूलवर, ब्राउझरच्या टेस्टसाठी प्लेराइट, आणि सगळं गिटहब ॲक्शन्सवर, म्हणजे गिटहबच्या सर्व्हरवर आपोआप चालतं (यालाच पुढे सीआय म्हटलंय). टेस्ट चांगल्या आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. गोंधळ आहे तो त्यांच्या कॉन्फिगचा, म्हणजे टेस्ट चालवायला लागणाऱ्या सेटिंग्जचा. यूआरएल एकीकडे, टाइमआउट दुसरीकडे, पासवर्ड तिसरीकडे, आणि तीच व्हॅल्यू परत चौथ्या ठिकाणी वेगळी.

हे काम आत्ताच हातात घेतलं त्याचं कारण सांगतो, कारण त्याशिवाय मॅनेजरकडून वेळ मिळाला नसता. डिसेंबरमध्ये स्टेजिंगवरच्या, म्हणजे खऱ्यासारख्या चाचणीच्या सर्व्हरवरच्या, रात्रीच्या रनमधून खरे एसएमएस गेले. एसएमएस चालू की बंद हे ठरवणारं सेटिंग होतं, त्याची व्हॅल्यू एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून (प्रोग्रामला बाहेरून मिळणारी व्हॅल्यू) फॉल्स, म्हणजे बंद, अशी येत होती, पण एन्व्हायर्नमेंटमधून येणारी प्रत्येक गोष्ट स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, असते आणि पायथनमध्ये रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग ट्रू धरली जाते, मग त्या स्ट्रिंगमध्ये फॉल्स लिहिलेलं असलं तरी. टेस्ट डेटातले नंबर कोणीतरी मनानेच टाकलेले, ते निघाले खऱ्या माणसांचे. रात्री दोन वाजता त्यांना 'तुमचा रिपोर्ट तयार आहे' असे मेसेज. ज्याच्या घरात कोणी आजारी आहे आणि जो खरंच रिपोर्टची वाट बघतोय त्याला असा मेसेज जाणं मला फार लागलं. एसएमएस पाठवणाऱ्या गेटवेचे पैसे गेले ते वेगळेच.

आज कोडला हात लावला नाही. फक्त एक यादी केली: टेस्टला व्हॅल्यू कुठून कुठून मिळू शकते. पायटेस्ट डॉट आयएनआय, सेटअप डॉट सीएफजी, पायप्रोजेक्ट डॉट टॉमल (या तिन्हींत पायटेस्टची सेटिंग्ज लिहिता येतात), प्रत्येक सर्व्हरची यामल फाइल (सेटिंग्ज लिहायचा एक साधा मजकुराचा प्रकार), डॉट एन्व्ह (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लिहून ठेवायची फाइल), सीआयच्या वर्कफ्लो फाइलमधला एन्व्ह ब्लॉक, गिटहबची सीक्रेट्स (तिथे लपवून ठेवलेले पासवर्ड वगैरे), कॉनफ्टेस्टमध्ये (पायटेस्टची सामाईक तयारीची फाइल) थेट लिहिलेले आकडे, आणि काही टेस्टच्या पोटातच लिहिलेल्या यूआरएल. प्रोजेक्टभर ग्रेपने शोध मारून ही यादी काढायला अख्खी दुपार गेली, पण पुढचं सगळं काम या कागदावर चाललं. तुम्ही करणार असाल तर हे आधी करा, फाइल्स हलवायची घाई नको.

७ जानेवारी

पहिला गुंता पायटेस्टच्या स्वतःच्या कॉन्फिगचा. लक्षण असं की एपीआयच्या (ब्राउझरशिवाय थेट सर्व्हरशी बोलणाऱ्या) टेस्ट एकट्या चालवल्या की अडकून बसायच्या, सगळ्या टेस्ट एकत्र चालवल्या की त्याच टेस्ट साठ सेकंदांनी टाइमआउट होऊन फेल व्हायच्या. टीममध्ये यावर बरीच चर्चा झालेली, नेटवर्कला दोष देऊन झालेला.

उत्तर रनच्या अगदी वरच्या ओळीत होतं. पायटेस्ट सुरू होताना 'रूटडिर' आणि त्याच्यापुढे 'कॉन्फिगफाइल' असं छापतं. सगळ्या टेस्ट चालवल्या तर तिथे मुळातली पायप्रोजेक्ट फाइल दिसायची. फक्त एपीआयचा फोल्डर दिला की तिथे पायटेस्ट डॉट आयएनआय दिसायचं, आणि ती फाइल एपीआय फोल्डरच्या आत पडलेली होती. उघडली तर आत फक्त सेक्शनचं नाव, खाली काहीच नाही.

पायटेस्ट तुम्ही दिलेल्या पाथपासून वर वर शोधत जातं आणि जी पहिली चालणारी फाइल सापडेल ती घेतं. पायटेस्ट डॉट आयएनआय असेल तर ती रिकामी असली तरी तीच जिंकते. आणि मुख्य म्हणजे या फाइल्स एकमेकांत मिसळल्या जात नाहीत, एकच फाइल लागू होते, बाकीच्या जणू नाहीतच. म्हणजे ती रिकामी फाइल मिळाली की टाइमआउट गेला, मार्कर (टेस्टचे गट पाडायच्या खुणा) गेले, सगळं गेलं.

रिकामी फाइल काढली, सेटअप डॉट सीएफजीमधला टेस्टचा भाग काढला, आता सगळं एकाच पायप्रोजेक्ट फाइलमध्ये. सोबत स्ट्रिक्ट मार्कर्स आणि स्ट्रिक्ट कॉन्फिग हे दोन्ही ऑप्शन चालू केले. चालू केल्याबरोबर स्पेलिंग चुकलेले मार्कर बाहेर पडले. स्मोक टेस्ट, म्हणजे मुख्य गोष्टी झटपट तपासणाऱ्या टेस्ट, म्हणून ज्या चालतात असं आम्ही समजत होतो त्यातल्या काही टेस्ट मार्करचं स्पेलिंग चुकल्यामुळे त्या रनमध्ये येतच नव्हत्या. हे बघून बरं वाटलं नाही, पण निदान कळलं.

८ जानेवारी

आज यामल. हा दिवस जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडच्या डेटाला हे हमखास चावतं आणि कुठे नीट लिहिलेलं मला सापडलं नाही.

सेंटर्सच्या यामल फाइलमध्ये प्रत्येक शहराचा एसटीडी कोड होता, अवतरण चिन्हं न लावता. पुण्याचा ०२०, मुंबईचा ०२२, नागपूरचा ०७१२, नाशिकचा ०२५३, गोव्याचा ०८३२. टेस्टमध्ये गोव्याचा कोड बरोबर यायचा आणि बाकी सगळ्यांचे चुकीचे. पुण्याचा १६, मुंबईचा १८, नागपूरचा ४५८, नाशिकचा १७१.

पाययामल ही लायब्ररी यामलची १.१ आवृत्ती पाळते आणि त्यात शून्याने सुरू होणारा आकडा ऑक्टल, म्हणजे आठच्या पायातला धरला जातो. ०२० म्हणजे दोन आठे सोळा. गोव्याचा वाचला कारण त्यात ८ हा आकडा आहे, ऑक्टलमध्ये ८ चालत नाही, म्हणून ती स्ट्रिंगच राहिली. यावर आधी कोणीतरी उपाय म्हणून टेस्टमध्येच 'पुणे असेल तर ०२० घाल' असा इफ लिहून ठेवलेला होता. तसे इफ प्रत्येक शहरासाठी वाढत गेले होते.

तेवढ्यावर थांबलं नाही. नमुने घ्यायच्या स्लॉटच्या वेळा होत्या, ०९:३० आणि १०:३०. पहिली वेळ नीट स्ट्रिंग म्हणून आली. दुसरी आली ६३०. तिथे साठच्या पायातला आकडा धरला जातो, दहा साठे सहाशे अधिक तीस. शून्याने सुरू होणारी वेळ त्या नियमात बसत नाही म्हणून सकाळचे स्लॉट पास आणि दहानंतरचे फेल. संध्याकाळचा १८:०० चा स्लॉट १०८० होऊन बसलेला. आमच्या ज्युनिअरने ही गोष्ट पूर्वीच पकडली होती, बग म्हणून लिहिलीही होती, पण तो बग 'सर्व्हर टाइमझोन' असं नाव देऊन बंद केला गेला होता. तिचं म्हणणं बरोबर होतं, हे आज तिला बोलावून सांगितलं.

तीच जात आणखी एका ठिकाणी सापडली. गिटहबच्या वर्कफ्लोमध्ये पायथनची आवृत्ती ३.१० लिहिली की ती दशांश समजून ३.१ होते. तिथे अवतरण चिन्हं लावली.

आणि जाता जाता, पाययामल एकाच ठिकाणी तीच की (सेटिंगचं नाव) दोनदा आली तर ओरडत नाही, खालची घेतं. आमच्या स्टेजिंगच्या फाइलमध्ये टाइमआउट दोनदा होता, वर तीस, खूप खाली एकशेवीस. सगळे वरचा बदलत बसायचे.

नियम केला: कोड, पिनकोड, फोन, वेळ, आवृत्ती, हे सगळं अवतरण चिन्हांत. यामलिंट हे यामल तपासणारं टूल लावलं, दुहेरी की आणि ऑक्टल दोन्ही पकडायचे नियम त्यात आहेत. टेस्टमधले ते इफ सगळे काढले.

१० जानेवारी

थर ठरवले. एक बेस फाइल, त्यात सगळ्या ठिकाणी सारखं असलेलं. मग लोकल (आपलं मशीन), क्यूए (टेस्टिंगचा सर्व्हर), स्टेजिंग, प्रॉड (ग्राहकांचा खरा सर्व्हर) अशा छोट्या फाइल्स, त्यात फक्त जे वेगळं आहे तेवढंच. आधी प्रत्येक फाइलमध्ये सगळंच्या सगळं कॉपी केलेलं असायचं, त्यामुळे एक टाइमआउट बदलायचा तर चार ठिकाणी बदलायचा आणि त्यातलं एक हमखास राहायचं.

एकत्र करताना पहिल्यांदा डिक्शनरीचं साधं अपडेट वापरून पाहिलं, ते चाललं नाही. स्टेजिंगच्या फाइलमध्ये सर्व्हिसेस खाली फक्त पेमेंटची यूआरएल लिहिली होती, तर अपडेटने बेसमधला अख्खा सर्व्हिसेस ब्लॉक उडवला आणि रिपोर्ट, एसएमएस, लॉगिन सगळ्यांच्या यूआरएल गायब. साधं अपडेट फक्त वरच्या पातळीवर बघतं. यामलच्या अँकरने, म्हणजे एकदा लिहिलेला भाग पुन्हा वापरायच्या सोयीने, होईल का तेही बघितलं, पण अँकर एका फाइलपुरताच, दुसऱ्या फाइलमधून त्याला हात लावता येत नाही. मग आत आत उतरून मर्ज करणारं छोटं फंक्शन लिहिलं, पंधराएक ओळींचं.

लिस्टचं काय करायचं यावर टीममध्ये जरा वाद झाला. बेसमध्ये ब्राउझरची लिस्ट आहे, स्टेजिंगमध्येही आहे, तर दोन्ही जोडायच्या की खालची घ्यायची? जोडल्या तर एखादी गोष्ट काढून टाकायला मार्गच उरत नाही. म्हणून लिस्ट पूर्ण बदलायची, जोडायची नाही, असं ठरलं आणि ते बेस फाइलच्या डोक्यावर कॉमेंटमध्ये लिहिलं.

एसएमएसचं सेटिंग बेसमध्ये बंद आहे आणि कुठल्याच फाइलमध्ये चालू नाही. चालू करायचं तर माणसाने कमांडवर हाताने लिहायचं. एवढी एक गोष्ट मी कोणाला सैल करू देणार नाही.

१३ जानेवारी

कमांडवरून सर्व्हर निवडता यावा म्हणून पायटेस्टला स्वतःचा ऑप्शन द्यायचा होता. आधी तो एपीआय फोल्डरच्या कॉनफ्टेस्टमध्ये लिहिलेला होता, मुळातून चालवलं की 'अनरेकग्नाइज्ड आर्ग्युमेंट्स' म्हणून थांबायचं. पायटेस्ट कमांड वाचतं तेव्हा खोल आतले कॉनफ्टेस्ट अजून उघडलेलेच नसतात. ऑप्शन जोडायचं हुक (पायटेस्ट ठरलेल्या वेळी स्वतः चालवतं ते फंक्शन) मुळातल्या कॉनफ्टेस्टमध्येच हवं. हलवलं, चाललं.

मग बेस यूआरएल नावाचा दुसरा ऑप्शन जोडायला गेलो तर हे नाव आधीच जोडलेलं आहे असं म्हणून व्हॅल्यू एरर. प्लेराइटचं प्लगइन पोटात पायटेस्ट बेस यूआरएल हे प्लगइन घेऊन येतं आणि तो ऑप्शन त्याचा आहे. नाव बदलून पळवाट काढण्यापेक्षा त्याचं बेस यूआरएल नावाचं फिक्श्चरच (टेस्टला तयार व्हॅल्यू पुरवणारं फंक्शन) आमच्या कॉनफ्टेस्टमध्ये नव्याने लिहिलं, ते आता आमच्या सेटिंगमधून व्हॅल्यू देतं. ब्राउझरच्या टेस्टना एक ओळही बदलावी लागली नाही.

यूआरएलवरून अजून एक. बेस यूआरएलच्या शेवटी एपीआय, स्लॅश, व्ही-वन असं आहे. शेवटचा स्लॅश नसेल आणि पायथनच्या यूआरएलजॉइन फंक्शनने पुढे ऑर्डर्स जोडलं तर व्ही-वन गळून पडतं. क्यूएच्या फाइलमध्ये स्लॅश होता, स्टेजिंगच्या फाइलमध्ये नव्हता, म्हणून एकीकडे पास आणि दुसरीकडे चारशे चार, म्हणजे पत्ता सापडला नाही. आता सेटिंग वाचतानाच शेवटी स्लॅश नसेल तर आम्ही लावतो, फाइल लिहिणाऱ्याने लक्षात ठेवायची गरज नाही.

१५ जानेवारी

काल संक्रांत. आज डॉट एन्व्ह.

एका सहकाऱ्याच्या मशीनवर लोकल निवडलं तरी टेस्ट क्यूएवर जायच्या. डॉट एन्व्ह वाचणारी लायब्ररी आधीच सेट असलेलं व्हेरिएबल बदलत नाही, तो तिचा डीफॉल्ट आहे आणि तो योग्यही आहे. त्याच्या बॅशआरसीमध्ये (टर्मिनल उघडताना चालणारी फाइल) कधीतरी एक्स्पोर्ट केलेली यूआरएल बसलेली होती. दुसऱ्या एकाच्या मशीनवर तर प्रोजेक्टमध्ये डॉट एन्व्ह नव्हतीच, लायब्ररी वरच्या फोल्डरांमध्ये शोधत गेली आणि दुसऱ्याच कामासाठी होम फोल्डरमध्ये ठेवलेली डॉट एन्व्ह उचलून आली.

दोन बदल. डॉट एन्व्हचा पाथ आता पूर्ण देतो, शोधत फिरू देत नाही. आणि आमच्या सगळ्या व्हेरिएबलना एकच प्रीफिक्स दिला, त्यामुळे दुसऱ्या प्रोजेक्टचं सारख्या नावाचं व्हेरिएबल इथे शिरत नाही. नुसत्या बेस यूआरएल या नावाचं व्हेरिएबल कुणाच्याही मशीनवर असू शकतं.

१७ जानेवारी

पायडँटिक ही डेटाचे टाइप तपासणारी लायब्ररी आणली, दुसरी आवृत्ती, सोबत पायडँटिक सेटिंग्ज हे वेगळं पॅकेज. आता प्रत्येक सेटिंगला टाइप आहे. फॉल्स ही स्ट्रिंग आली तर ती खरंच फॉल्स होते, म्हणजे डिसेंबरचा प्रकार मुळातच बंद.

दुसऱ्या आवृत्तीचा एक स्वभाव इथे कामाला आला. स्ट्रिंग हवी असताना आकडा दिला तर ती आकड्याची स्ट्रिंग करून देत नाही, थेट एरर देते. म्हणजे कोणी उद्या अवतरण चिन्हं विसरून पुण्याचा कोड लिहिला तर १६ घेऊन टेस्ट चालू राहणार नाही, पहिल्या सेकंदाला थांबेल आणि कुठल्या सेटिंगमध्ये गडबड आहे ते नाव घेऊन सांगेल. अनोळखी की सुद्धा नाकारते, त्यामुळे रिट्रायचं चुकलेलं स्पेलिंग तिथेच सापडलं.

इथे अडलं ते क्रमावर. यामलचे थर मर्ज करून ते आम्ही क्लासला सरळ आर्ग्युमेंट म्हणून दिले. सगळं छान दिसलं, पण सीआयमध्ये एन्व्हायर्नमेंटमधून दिलेली यूआरएल लागू होईना. पायडँटिक सेटिंग्जमध्ये थेट दिलेली आर्ग्युमेंट सगळ्यात वरची, एन्व्हायर्नमेंट त्याच्या खाली, डॉट एन्व्ह त्याच्याही खाली. म्हणजे आमची यामल सगळ्यांच्या डोक्यावर जाऊन बसली होती. सोर्सचा क्रम बदलायचं एक मेथड आहे, त्यात आमची यामल वेगळा सोर्स म्हणून सगळ्यात खाली घातली. यात शुक्रवार गेला. क्रम आता असा आहे आणि तो रीडमीच्या पहिल्या परिच्छेदात आहे: कमांडवर दिलेलं सगळ्यात वर, मग एन्व्हायर्नमेंट, मग डॉट एन्व्ह, मग त्या सर्व्हरची यामल, मग बेस.

२० जानेवारी

पासवर्ड. स्टेजिंगचे दोन पासवर्ड यामलमध्ये, डॉट एन्व्ह तर अख्खी गिटमध्ये. गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने सोडून द्यायच्या फाइल्सच्या यादीत, तिचं नाव होतं, पण आधीच ट्रॅक होत असलेल्या फाइलवर गिटइग्नोरचा काही परिणाम होत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

सगळ्यात आधी पासवर्ड बदलले. फाइलमधून ओळ काढली तरी जुन्या कमिटमध्ये ती तशीच असते, म्हणून जुना पासवर्ड उघडा पडलेला आहे असंच धरायचं. इतिहास पुन्हा लिहायचा विचार केला होता, पण सगळ्यांना नव्याने क्लोन करायला लावण्यापेक्षा पासवर्ड मारून टाकणं सोपं आणि खात्रीचं.

मग डॉट एन्व्ह ट्रॅकिंगमधून काढली. काढताना टीमला आधी मेसेज टाका, हे कळकळीने सांगतोय: तुमच्या मशीनवर फाइल राहते, पण बाकीच्यांनी पुल केलं की त्यांच्याकडची डिलीट होते. आम्ही सकाळीच सांगितलं, सगळ्यांनी कॉपी काढून ठेवली, मग पुश केलं. तिच्या जागी एक्झाम्पल फाइल ठेवली, त्यात सगळी नावं आहेत, व्हॅल्यू एकही नाही.

दुपारी डिपेंडाबॉटच्या (लायब्ररींच्या नव्या आवृत्त्या आपोआप सुचवणारा गिटहबचा बॉट) पुल रिक्वेस्टवर सगळ्या लॉगिन टेस्ट लाल. त्याने सुरू केलेल्या रनला ॲक्शन्सची नेहमीची सीक्रेट्स मिळत नाहीत, आणि गिटहब नसलेल्या सीक्रेटसाठी एरर देत नाही, रिकामी स्ट्रिंग देतं. म्हणजे व्हेरिएबल सेट आहे पण आत काही नाही, आणि ते रिकामंच वरच्या क्रमाने यामलच्या व्हॅल्यूंवर मात करत होतं. पायडँटिक सेटिंग्जमध्ये रिकामी व्हॅल्यू दुर्लक्ष करायचा पर्याय आहे, तो लावला. पासवर्डला किमान एक अक्षर हवंच अशी अट घातली. डिपेंडाबॉटच्या रनमध्ये आता लॉगिन लागणाऱ्या टेस्ट स्किप होतात आणि का स्किप झाल्या ते लिहून येतं.

२१ जानेवारी

माझ्या मते या सगळ्या कामातली सगळ्यात उपयोगी गोष्ट आज झाली, आणि ती सगळ्यात छोटी आहे.

पायटेस्टमध्ये रिपोर्ट हेडर नावाचं हुक आहे, त्यातून जे परत द्याल ते रनच्या सुरुवातीला छापलं जातं. तिथे आता प्रत्येक महत्त्वाच्या सेटिंगची एक ओळ येते, नाव, व्हॅल्यू आणि ती कुठून आली. उदाहरणार्थ, बेस यूआरएल अमुक, क्यूए यामलमधून. टाइमआउट साठ, बेसमधून. एसएमएस बंद, बेसमधून. ही 'कुठून आली' ठेवायला मर्जच्या फंक्शनमध्ये थोडी भर घालावी लागली, प्रत्येक कीबरोबर फाइलचं नाव वाहून न्यायचं. पायडँटिक हे आपोआप देत नाही.

ज्या सहकाऱ्याच्या बॅशआरसीमध्ये यूआरएल बसली होती, त्याला ही ओळ तेव्हा दिसली असती तर 'एन्व्हायर्नमेंटमधून' हे एक वाक्य वाचून काम झालं असतं. आता कोणी टेस्ट फेल झाली म्हणून विचारायला आलं तर मी आधी त्या वरच्या ओळी मागतो.

पासवर्ड छापले जाऊ नयेत म्हणून त्यांचा टाइप सीक्रेट स्ट्रिंग ठेवला, छापलं की नुसते तारे येतात. गिटहबही लॉगमध्ये सीक्रेट झाकतं, पण जसंच्या तसं आलं तरच. बेस-सिक्स्टी-फोर या वेगळ्या रूपात बदलून रिक्वेस्टच्या हेडरमध्ये गेलेला पासवर्ड त्याला ओळखू येत नाही. म्हणून झाकायचं काम आपल्याच कोडमध्ये हवं.

२३ जानेवारी

रात्रीचा रन. गिटहबचं शेड्यूल यूटीसीमध्ये, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागच्या वेळेत, असतं, आपल्याला रात्री दोनला हवा म्हणून आदल्या दिवशीचे २०:३० लिहावे लागतात. रनरचं घड्याळही यूटीसी. म्हणजे रात्री दोन वाजता पायथनला 'आज' विचारलं की तो कालची तारीख देतो, आणि टेस्ट कालचे स्लॉट बुक करायला जाते. सर्व्हर बरोबरच नकार देतो. दिवसा त्याच टेस्ट पास. पहाटे साडेपाचपर्यंतचा हा खड्डा.

वर्कफ्लोमध्ये टीझेड हे टाइमझोनचं व्हेरिएबल सेट करून काम भागतं, लिनक्सवर. पण विंडोजवाल्यांच्या मशीनवर त्याचा भरवसा नाही, म्हणून टाइमझोन हे स्वतंत्र सेटिंग केलं, बेसमध्ये आशिया स्लॅश कोलकाता, आणि टेस्टमध्ये 'आज' काढायचं एकच फंक्शन जे पायथनचं टाइमझोनसाठीचं झोनइन्फो वापरतं. विंडोजवर त्यासाठी टीझेडडेटा पॅकेज टाकावं लागतं, ते रिक्वायरमेंट्समध्ये घातलं.

२७ जानेवारी

एक्सडिस्ट, म्हणजे टेस्ट समांतर चालवणं. ॲडऑप्ट्समध्येच, म्हणजे प्रत्येक रनला आपोआप लागणाऱ्या ऑप्शनमध्ये, 'एन ऑटो' (मशीनला झेपतील तितके वर्कर) लिहिलेलं होतं, त्यामुळे प्रत्येकाच्या मशीनवर एक टेस्ट चालवली तरी ढीगभर वर्कर उठायचे, डीबगर लावला की चालायचा नाही, प्रिंट दिसायचं नाही. ते काढून फक्त सीआयच्या कमांडमध्ये ठेवलं.

सीआयमध्ये अधूनमधून 'पोर्ट वापरात आहे' यायचं. प्रत्येक वर्कर वेगळा प्रोसेस असतो आणि सेशनचं फिक्श्चर प्रत्येकात स्वतंत्र चालतं, त्यामुळे एसएमएसचा खोटा सर्व्हर सगळे एकाच पोर्टवर उभा करायला जायचे. पोर्ट आता बेसमधल्या आकड्यात वर्करचा नंबर मिळवून ठरतो, टेस्ट डेटाबेसच्या नावामागेही तोच नंबर. समांतर नसेल तेव्हा वर्करचं नाव 'मास्टर' असं येतं, जीडब्ल्यू-शून्य नाही, तेवढं वेगळं हाताळायला लागतं.

२९ जानेवारी

विंडोजवरचा जुना बग. रुग्णांच्या मराठी नावांच्या यामल फाइल्स आहेत. एका फाइलमध्ये फक्त कमल हे नाव, ती उघडायची, पण नाव कचरा होऊन यायचं आणि टेस्ट तरी पास, कारण पाठवलेलं आणि परत आलेलं दोन्ही तोच कचरा. दुसऱ्या फाइलमध्ये सुमन, ती उघडतानाच कॅरमॅप कोडेकचा एरर.

विंडोजवर पायथन ओपन करताना एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये कशी लिहायची तो नियम) सांगितलं नाही तर सिस्टीमचं घेतो, आमच्या मशीनवर सीपी १२५२, ज्यात मराठी अक्षरं नाहीतच. यूटीएफ-८ मध्ये ऱ्हस्व उकाराचा शेवटचा बाइट हेक्समध्ये ८१, आणि जोडाक्षरातल्या हलन्ताचा ८डी. सीपी १२५२ मध्ये या दोन्ही जागा रिकाम्या आहेत, म्हणून तिथे कोसळतं. कमलमध्ये उकारही नाही, जोडाक्षरही नाही, म्हणून ती गुपचूप बिघडायची. मला कोसळणाऱ्या सुमनपेक्षा पास होणाऱ्या कमलची जास्त भीती वाटते. लॅबच्या रिपोर्टवर माणसाचं नाव नीट छापलं जातंय का, हेच तर ती टेस्ट तपासत होती.

सगळीकडे एन्कोडिंग यूटीएफ-८ लिहिलं. रफ या कोड तपासणाऱ्या टूलमध्ये एन्कोडिंग न लिहिलेलं ओपन पकडायचा नियम आहे, तो चालू केला. टेस्ट डेटात मुद्दाम लक्ष्मी, कृष्णा, ज्ञानेश्वर अशी नावं घातली.

३ फेब्रुवारी

कॉन्फिगसाठीच टेस्ट लिहिल्या. प्रत्येक सर्व्हरची फाइल उघडून ती सेटिंग्जच्या क्लासमधून नीट जाते का, प्रॉड सोडून कुठल्याही फाइलमध्ये खऱ्या पेमेंटची यूआरएल नाही ना, एसएमएस सगळीकडे बंद आहे ना. नेटवर्क लागत नाही, सेकंदात होतात, म्हणून प्रत्येक पुल रिक्वेस्टवर सगळ्यात आधी याच चालतात. त्या फेल झाल्या तर पुढचा मोठा रन सुरूच होत नाही, सीआयची मिनिटंही वाचतात.

जुन्या फाइल्स आज डिलीट केल्या. त्याआधी प्रत्येक सर्व्हरसाठी जुन्या पद्धतीने आणि नव्या पद्धतीने शेवटी मिळणाऱ्या सगळ्या व्हॅल्यू जेसनमध्ये काढून एकमेकांशी डिफ करून बघितल्या. क्यूए आणि लोकल तंतोतंत. स्टेजिंगमध्ये टाइमआउटचा फरक आला, तो दुहेरी कीचा, आम्ही ठरवून तीस ठेवलेला. प्रॉडमध्ये रिट्रायचा फरक, चुकलेल्या स्पेलिंगचा. दोन्ही फरक समजलेले असल्यामुळे मर्ज केलं.

टेस्ट डेटातले मोबाईल नंबर अजून बाकी आहेत. ते आता टीमकडच्या ऑफिसच्या सिमकार्डांचेच ठेवायचे ठरलंय, एकही मनाने टाकलेला नंबर नाही. सिम मिळायला ॲडमिनकडून या आठवड्याचा शेवट सांगितलाय, तोवर खोट्या गेटवेवरही त्या टेस्ट स्किप ठेवल्यात.